तीन नंबरचं रक्त

सोमवारी सकाळी सव्वादहाला आमच्या ढाक्याच्या लॅबमध्ये बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर आकडे उतरायला लागले, तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता आणि तोंडात सिंगाऱ्याचा, म्हणजे आमच्याकडच्या समोशाचा, घास. पहिल्या नळीचे दोन लाख चार हजार. दुसरीचे एक लाख नव्व्याण्णव हजार. तिसरीचे एक हजार आठशे बासष्ट. घास तसाच राहिला. मी पडद्यावर बोट ठेवून आकडे पुन्हा वाचले, न जाणो कुठं शून्यं गळली असतील. गळली नव्हती. पलीकडच्या टेबलावर झर्णादी नमुन्यांच्या यादीवर खुणा करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "काय गं माहफुजा, मिरची लागली का?" मी म्हटलं, "हो." खोटं बोलायला मला कधी वेळ लागत नाही, हा माझा जुनाच गुण आहे.

या तीन नळ्यांत निरोगी रक्ताचं सीरम असतं, म्हणजे ज्यांना बर्ड फ्लू कधी शिवला नाही अशा माणसांचं. चाचणी आमचीच, चार वर्षं खपून उभी केलेली. तिच्यात जिवंत विषाणू नाही, हीच तिची सगळी मिजास. बर्ड फ्लूच्या विषाणूचं वरचं आवरण तेवढं घ्यायचं आणि आत एक निरुपद्रवी, न वाढणारा कण ठेवायचा. दरोडेखोराचा कोट घातलेलं बुजगावणंच म्हणा ना. ज्याच्या रक्तात त्या दरोडेखोराला ओळखणाऱ्या अँटीबॉडी असतात, त्या कोट बघूनच त्याला दारात धरतात. नसल्या, तर बुजगावणं खुशाल पेशीत शिरतं आणि आत दिवा लावतं. काजव्याच्या पोटातलं उजेडाचं द्रव्य असतं ना, तेच त्याच्या खिशात दिलेलं असतं. अठ्ठेचाळीस तासांनी यंत्र तो उजेड मोजतं. मोठा आकडा म्हणजे उजेड, म्हणजे या माणसाला रोग कधी झालाच नाही. लहान आकडा म्हणजे अंधार, म्हणजे या रक्ताला बर्ड फ्लू ओळखीचा आहे. आणि तीन नंबरच्या निरोगी नळीत काळोख होता.

आता ही निरोगी माणसं कोण, तर आम्हीच. परदेशातून मागवलेलं सीरम विमानतळावर कागदांच्या नादात महिनोन् महिने पडून राहतं आणि हातात येईस्तोवर नासतं. मग आमच्या प्रमुखांनी, वदूद सरांनी, रीत पाडली, की लॅबमधल्या लोकांनीच रक्त द्यायचं. त्या दिवशी सर सगळ्यांना उकडलेलं अंडं आणि सागर जातीचं केळं देतात आणि लग्नघरातल्या थोरल्या काकासारखे फिरतात. नळ्यांवर नावं नसतात, नंबर असतात. नऊ जणांनी दिलं होतं. जुन्या झटपट चाचणीत, टर्की पक्ष्याच्या रक्तावर होते तीत, सगळे स्वच्छ निघाले. त्यातल्या तीन नळ्या ठेवल्या आणि नंबर मी घातले. त्यामुळं तीन नंबर म्हणजे कोण, हे अख्ख्या लॅबमध्ये एकाच माणसाला माहीत आहे. तीन नंबर म्हणजे मी.

वदूद सर आले, चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावलं. म्हणाले, "हात्तिच्या! नळी खराब झालीय, दुसरं काय? काढून टाक. एक नि दोन नंबर ठीक आहेत की. गुरुवारी कमिटी येतेय, आता नसतं झेंगट नको." मी म्हटलं, "सर, नळी खराब झाली म्हणून अंधार होत नाही." "मग तुझा हात हलला असेल." "माझा?" "बरं बाई, तुझा नाही. पिपेटचा हलला असेल." सर मनाचे चांगले आहेत. त्यांना भांडण नको असतं, म्हणून ते दोष नेहमी निर्जीव वस्तूंना देतात. गुरुवारची कमिटी ही त्यांच्या निवृत्तीआधीची शेवटची. कमिटीनं मान्यता दिली की ही चाचणी देशाच्या आठही विभागांच्या साध्या लॅबमध्ये जाणार. तिथं ना जिवंत विषाणूची खोली आहे, ना हवेचे पंप, ना डोक्यापासून पायापर्यंतचे पोशाख. नाही दिली तर सगळ्या देशाचं रक्त आमच्या त्या एका खोलीपुढं रांगेत उभं राहणार, आजवर राहिलं तसं. मी म्हटलं, "बुधवारपर्यंत वेळ द्या. पुन्हा करते." सर म्हणाले, "कर, पण बुधवारी मला गोड बातमी दे."

मी पुन्हा मांडायला बसले. हात हलत नव्हता, हे मी मुद्दाम बघितलं. या खेपेला दोन गोष्टी जास्त घेतल्या. एक, दुसऱ्याच विषाणूचा कोट घातलेलं बुजगावणं. माझं सीरम त्यालाही अडवत असेल तर सीरमच बिघडलेलं, म्हणजे सुटले. आणि दुसरी, फ्रीझरच्या तळाच्या कप्प्यातली एक नळी. जिवंत विषाणूच्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाचं रुजू होतानाचं रक्त तिथं साठवलेलं असतं, पुढं कधी काही झालं तर ताडून बघायला. माझी नळी सहा वर्षांपूर्वीची. ती हातमोज्यात धरली तेव्हा वाटलं, ही जी कोण बाई होती तिला काहीच ठाऊक नव्हतं, किती सुखात होती मेली! प्लेट उबेच्या कपाटात ठेवली, दार लावलं. अठ्ठेचाळीस तास. त्या अठ्ठेचाळीस तासांत मी जेवले, झोपले, रिक्षावाल्याशी हुज्जत घातली, पण खरं सांगायचं तर मी सबंध वेळ दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी होते.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी शेफालीची हळद झाली होती. शेफाली म्हणजे माझी धाकटी बहीण. नवऱ्यामुलाच्या घरून रुई मासा, म्हणजे रोहू, आला होता, नवरीसारखा सजवलेला, कपाळाला टिकली, अंगावर इवलीशी लाल साडी. आम्मा म्हणाली, "माहफुजा, मासा तूच काप, थोरली आहेस." बसले विळीवर. विळीचा पाट पायानं दाबून धरला, साडी बाजूला केली, डोकं वेगळं करताना मासा सटकला नि अंगठ्याच्या मुळाशी पातं लागलं. काही विशेष नाही, हळदीच्या घरात हळद काय कमी! दाबली आणि विसरले. दुसऱ्या दिवशी जिवंत विषाणूच्या खोलीत चार तास. बाहेर येताना वरचा हातमोजा काढला तर त्यावर बारीक चीर, आणि आतल्या मोज्यावर तिथंच दुसरी. आतला मोजा काढला. नखं पिवळीधमक, आणि अंगठ्याची जखम ओलसर. स्पिरिट ओतलं तेव्हा अशी झणझणली की डोळ्यांत पाणी आलं. नियम भिंतीवरच लावला होता, तोही मीच सुवाच्य अक्षरात लिहिलेला. ताबडतोब कळवायचं. दहा दिवस औषध, दहा दिवस वेगळ्या खोलीत. शुक्रवारी निकाह होता. मी त्या कागदाकडं बघितलं, मोजे पिशवीत घातले, पिशवी वाफेच्या भट्टीत टाकली आणि घरी गेले. एवढंच. माणूस घोर अपराध करतो तेव्हा काहीतरी वाजत असेल असं मला वाटायचं. काही वाजलं नाही. भट्टीचा पंखा तेवढा वाजत होता.

गुरुवारी अंग कसकसलं. शुक्रवारी डोळे लालबुंद. लग्नात सगळ्या खाला नि चाच्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, "बहिणीवर किती गं जीव! बघा, रडून रडून काय डोळे करून घेतलेत." मी मान डोलवली. घरात पाहुणे मावत नव्हते, म्हणून माझ्या गादीवर माझ्या भावाची मुलगी पुतुल झोपायची. चार वर्षांची होती. रात्री पाय माझ्या पोटावर टाकायची. मी भिंतीकडं तोंड करून, ओढणी नाकाला गुंडाळून पडायची, आणि ती झोपेतच ओढणी ओढायची. माझा ताप चार दिवसांत उतरला. आठवड्यानं पुतुल खोकायला लागली. दोन दिवस मी लॅबला दांडी मारून तिच्या छातीवर कान ठेवून बसले होते. भाबी हसून म्हणाली, "एवढं काय गं? थंडीचा खोकला आहे. तुझ्या डोक्यात सगळे तुझे जंतू." खोकला गेला. पुतुल पुन्हा अंगणात धावायला लागली. त्या दिवशी मी नमाज पढले, आणि मनातल्या मनात त्या पिवळ्या नखांच्या बाईला गाडून टाकलं. पण गाडलेल्या माणसाचं रक्त आपण काढून नळीत भरून ठेवलंय, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आलं असेल का? नंबर मीच घातले होते. माझी नळी मी बाजूला काढू शकले असते. टर्कीवाल्या चाचणीनं स्वच्छ म्हटलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मला ती नळी ठेवावीशीच वाटली, दाखला जपून ठेवतात तशी. ती जुनी चाचणी माणसाच्या रक्तात या अँटीबॉडी हुकवते, हे मी स्वतः तीन भाषणांत सांगितलंय, तक्त्यांसकट. दुसऱ्यांच्या बाबतीत मी भलतीच हुशार आहे.

मंगळवारी रेल्वे फाटकाजवळच्या कोंबडीबाजारातून चालत गेले. तो रस्ता मी टाळते, कारण तिथं मोतालेब चाचा बसतात. पिंजऱ्यांच्या मध्ये स्टूल, कमरेला लुंगी, कानावर बिडी. दोन वर्षांपूर्वी या बाजारातल्या सगळ्यांचं रक्त आम्ही घेतलं, त्यात यांचंही. त्याच हिवाळ्यात त्यांचा मेहुणा पाच दिवसांच्या तापानं गेला. कशानं गेला ते कुणी सांगितलं नाही, कारण सांगता येईल अशी तपासणी झालीच नव्हती. चाचांना एवढंच जाणून घ्यायचंय, की आपल्यालाही ते झालं होतं का. मला बघून ओरडले, "ओ आपा! माझं रक्त पिकलं का? की अजून कच्चंच?" आजूबाजूचे हसले. मी म्हटलं, "पिकतंय चाचा." "दोन वर्षं झाली. फणससुद्धा एवढा वेळ घेत नाही. आपा, खरं सांगू? झालं असेल तर असेल. मी काय रडणार नाही. पण बायको भावासाठी रोज मला दोष देते, की तूच बाजारातनं आणलंस. मला नुसतं कळू दे." हे बोलताना त्यांनी पिंजऱ्यातून एक कोंबडी पंख धरून काढली नि तराजूत टाकली, हातमोजा नाही, काही नाही. आमच्या फ्रीझरमध्ये अशा अकराशे चाळीस नळ्या पडून आहेत. ती एक खोली, आठवड्याला चाळीस नळ्या, त्यातही आजाऱ्यांच्या आधी, आणि पंप बिघडला की तेवढ्याही नाहीत. मी पुढं चालत राहिले आणि पहिल्यांदाच स्वतःच्या रक्ताचा विचार सोडून त्यांच्याच रक्ताचा विचार केला. तीन नंबर काढून टाकला तर चाचणी गुरुवारी पास होईल. पण मग जी चाचणी खरं बोलली तिलाच मी खोटी ठरवून पास करणार. आणि उद्या एखाद्या जिल्ह्यात एखाद्या मुलीला असाच काळोख दिसला, तर तिलाही तिचे सर सांगतील, नळी काढून टाक, ढाक्याचेही तसंच करतात.

बुधवारी दुपारी दीडला आकडे आले. सहा वर्षांपूर्वीची मी: दोन लाख अकरा हजार. तीन नंबर: एक हजार आठशे सत्तर. दुसऱ्या कोटाच्या बुजगावण्यानं दोन्हीकडं लखलखाट केला होता, म्हणजे सीरम बिघडलेलं नव्हतं. मी कागद छापून सरांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मासा, मोजे, भट्टी, निकाह. पुतुलचं नाव मात्र घेतलं नाही. सरांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. मग चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "तुला कळतंय का तू काय म्हणतेयस? चौकशी लागेल. तुला त्या खोलीत पाय ठेवू देणार नाहीत. मी खोलीचा प्रमुख, मला सन्मानानं निवृत्त व्हायचं होतं गं." "हो सर." "आणि कमिटी म्हणेल, ही लॅब गलथान आहे." मी म्हटलं, "म्हणू दे. मी गलथान आहेच. पण सर, जुन्या चाचणीनं मला स्वच्छ म्हटलं. हिनं मला पकडलं. चार वर्षं आपण पुरावा शोधतोय, तो तुमच्यासमोर उभा आहे, साडेतीन हात धडधाकट." सर एकदम चिडले, "तोंड बघा पोरीचं! असल्या वेळीही वाद घालते." मग आवाज उतरला. "घरी जा. विचार कर. उद्या सकाळी अजून हेच म्हणालीस, तर मी अडवणार नाही." झर्णादी दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं असणार. तिनं नुसती माझी ओढणी नीट केली आणि म्हणाली, "जा."

विचार कसला करायचा होता! विचार दोन वर्षं झाला होता. घरी भाबी अंगणात भापा पिठा उकडत होती, तांदळाच्या पिठात गुळाचा वास, पुतुल तिच्या गुडघ्याशी. मी पुतुलला आत पाठवलं आणि भाबीला सांगितलं, तिथंच चुलीपाशी उकिडवं बसून. ती आधी हसली, तिला वाटलं माझे नेहमीचे जंतू. मग तिच्या हातातली वाटी पालथी झाली. "तुला माहीत होतं? तिला कुशीत घेऊन झोपलीस तेव्हा माहीत होतं तुला?" "हो." "आणि ती खोकत होती तेव्हा मी हसले होते गं तुला. मला हसू दिलंस!" मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती पदरानं चुलीशेजारचा पाट पुसत राहिली, पुसायची काही गरज नसताना. शेवटी माझ्याकडं न बघता म्हणाली, "उद्या सांग सगळ्यांना. आणि माझ्या पोरीचं रक्त बघ. तिला तुझ्यापासनं काही झालं होतं का ते मला पाहिजे. अंदाज नको, आकडा पाहिजे." मोतालेब चाचांचंच मागणं, शब्द वेगळे.

गुरुवारी कमिटीचे पाच जण. मधोमध एक उंच, करड्या केसांच्या बाई, सगळे त्यांना ब्रिगेडियर आपा म्हणत होते. सरांनी तक्ते दाखवले. मग बाईंनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "ही तिसरी निरोगी नळी पॉझिटिव्ह. म्हणजे तुमची चाचणी निरोगी माणसालाही आजारी म्हणते. हे आम्ही जिल्ह्यांना देऊ?" सरांनी माझ्याकडं बघितलं. मी उठले. "नळी निरोगी नाही, मॅडम. ती माझी आहे." मग तारीख सांगितली, वार सांगितला, मोज्यावरची चीर कुठं होती ते अंगठा वर करून दाखवलं. सहा वर्षांपूर्वीचा आकडा शेजारी ठेवला. खोलीत पंखा बंद होता तरी कुणाचे तरी कागद फडफडले. एक गृहस्थ म्हणाले, "हे बेजबाबदारपणाचं आहे." मी म्हटलं, "आहे." बाई बराच वेळ माझ्या अंगठ्याकडं बघत होत्या. विचारलं, "घाबरली होतीस?" "नाही मॅडम, बहिणीचं लग्न होतं." त्या हसल्या नाहीत. त्यांनी लिहिलं, मोठ्यानं वाचत लिहिलं. चाचणी आधी दोन विभागांना, सहा महिन्यांनी बाकीच्यांना. माहफुजा खातूनना जिवंत विषाणूच्या खोलीत बंदी, चौकशी होईपर्यंत. त्यांच्या घरच्या सर्वांची रक्ततपासणी, या नव्या चाचणीनं. सही करून टोपण लावलं. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "माझी निवृत्ती तू अविस्मरणीय केलीस," आणि खिशातून केळं काढून मला दिलं.

पुतुलचं रक्त मी काढलं नाही, झर्णादीनं काढलं. भाबीनं तिला मांडीवर धरली होती. माझ्याशी अजून बोलत नव्हती, पण मला खोलीबाहेर जा असंही म्हणाली नाही. पुतुल एकदाच किंचाळली नि मग कुतूहलानं नळीकडं बघत राहिली. "फुफू," आत्याला ती फुफू म्हणते, "याचं काय करणार?" मी म्हटलं, "यात काजवे सोडणार. तुझ्या रक्तानं त्यांना अडवलं नाही, तर ते दिवा लावतील." "मी कशाला अडवू? लावू दे की." मी स्वतः प्लेट मांडली. बुजगावण्याला हात लावायला मला बंदी नव्हती, तेच तर त्याचं कौतुक. मोतालेब चाचांची नळी फ्रीझरमधून काढून पहिल्या रांगेत ठेवली. पुतुलची दुसऱ्या. आणि तीन नंबरच्या नळीवरचा जुना कागद खरवडून काढला, कारण आता ती निरोगी रांगेतली नव्हती. खात्रीनं रोग झालेल्या माणसाचं रक्त प्रत्येक प्लेटवर एक तरी लागतंच, ते आजवर आम्हाला कुणी देत नव्हतं. नव्या कागदावर नंबर न घालता मी माझं नाव लिहिलं.

अठ्ठेचाळीस तासांनी भाबी पुतुलला घेऊन बाहेरच्या खोलीत बाकावर येऊन बसली. मी पडद्यासमोर. चाचांचे दोन हजार तीनशे. म्हणजे होय, चाचा, झालं होतं तुम्हाला, आज संध्याकाळी येऊन सांगते, तोंडावर सांगते. माझे एक हजार आठशे नव्वद, हे आता पाठच झालं होतं. पुतुलचा आकडा यायला वेळ लागला की मलाच वाटलं कोण जाणे. मी शून्यं मोजली. मग पुन्हा एकेक करून मोजली, आणि भाबीकडं वळले.  पुतुलनंच विचारलं, "लागला का गं दिवा?" मी मान डोलवली, हो, लख्ख. भाबीनं डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच हात लांब करून माझं मनगट घट्ट धरलं, इतकं घट्ट की दुखलं. ती ते सोडीना, आणि मीही सोडवून घेतलं नाही.